समन्वय : सोय की नीती?

‘समन्वय’ हा शब्द आपल्याकडे दोन वाटांनी आला. पहिली वाट दर्शनशास्त्राची. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाचे नावच समन्वयाध्याय. वरकरणी विसंगत दिसणाऱ्या श्रुतिवचनांचा रोख एकाच तत्त्वाकडे आहे, हे दाखविणे हे त्याचे प्रयोजन. दुसरी वाट सरकारी परिपत्रकांची. तेथे समन्वय म्हणजे समिती, समिती म्हणजे बैठक, बैठक म्हणजे इतिवृत्त आणि इतिवृत्त म्हणजे पुढील बैठकीची तारीख. राज्य शासनाच्या सेवेत तीस-बत्तीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याच्या कानांना दुसऱ्या वाटेने आलेला शब्दच अधिक परिचयाचा. तथापि निवृत्तीनंतर निवांतपणे विचार करू लागलो, तेव्हा एक प्रश्न वारंवार पुढे येऊ लागला. खात्याखात्यांचा समन्वय ही निव्वळ कारभाराची सोय आहे, की तिच्यात नीतीचाही काही अंश आहे? समन्वय नसला तर काम उशिरा होते, एवढेच. की कोणावर अन्यायही होतो?

अशा प्रश्नाचा विचार हवेत करून चालत नाही. त्याला एखादे कठीण उदाहरण लागते. मी येथे एच.आय.व्ही.चे उदाहरण घेतो. कारण या एका रोगाच्या कार्यक्रमात समन्वयाची गरज आणि समन्वयाचा धोका, दोन्ही एकाच वेळी आणि टोकाच्या रूपात दिसतात.

हा विषय आपल्या भागाला परका नाही. पुण्याहून बंगळूरला जाणारा महामार्ग हुबळी-धारवाडवरून जातो. मालमोटारी, हंगामी मजुरी, मुंबई-गोव्याकडे पोट भरण्यासाठी जाणारी माणसे, हे सारे आपण लहानपणापासून पाहत आलो. सौंदत्तीची यल्लम्मा आपल्यांतील कित्येक घराण्यांची कुलदेवता. तिच्या नावाने मुली सोडण्याच्या प्रथेवर कर्नाटकाने १९८२ साली कायद्याने बंदी आणली. परंतु त्या प्रथेतून सांगली, मिरज, पुणे, मुंबई येथील वस्त्यांत जाऊन पोहोचलेल्या स्त्रिया याच मातीतल्या होत्या. २००३ साली बागलकोट जिल्ह्यात सर्वसाधारण लोकांची पाहणी झाली, तेव्हा शंभर प्रौढांत जवळजवळ तिघांना लागण झाल्याचे आढळले. आणि हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत अधिक होते. बाजाराच्या गावचा, मालमोटारवाल्यांचा म्हणून ज्या रोगाकडे आपण पाहत होतो, तो शेतावरच्या घरात, उंबरा न ओलांडलेल्या स्त्रीपर्यंत जाऊन बसला होता. त्यानंतरच्या वर्षांत नव्या संसर्गांचे प्रमाण देशभर पुष्कळच खाली आले, ही समाधानाची गोष्ट. परंतु ज्यांना औषध जन्मभर घ्यावयाचे आहे, त्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांचा प्रश्न दररोजचा आहे.

सरकारने रोगांशी लढताना दोन रीती आलटूनपालटून अवलंबिल्या. एक रीत प्रत्येक रोगासाठी वेगळे खाते, वेगळा कर्मचारी, वेगळा पैसा अशी. दुसरी, सर्व रोगांसाठी एकच आरोग्यसेवा अशी. भोर समितीने १९४६ सालीच उपचार आणि प्रतिबंध यांची फारकत असू नये असे सांगितले होते. तरीही स्वातंत्र्यानंतर हिवताप, देवी, क्षय, कुटुंबनियोजन यांच्या मोहिमा वेगवेगळ्या चालल्या. आमच्या पिढीतील अनेकांना आठवत असेल : घराच्या भिंतीवर फवारणीची तारीख लिहून जाणारा निराळा, देवी काढणारा निराळा आणि नसबंदीसाठी गावात येणारा निराळा. १९६७ साली जंगलवाला समितीने सेवांच्या एकत्रीकरणाचा आग्रह धरला. १९७३ साली कर्तारसिंग समितीने या निरनिराळ्या कामगारांच्या जागी बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी असावेत अशी शिफारस केली. एकाच माणसाने एका गावाची सर्व दुखणी पाहावीत, हा त्यामागचा साधा व शहाणा विचार.

एच.आय.व्ही. भारतात प्रथम १९८६ साली चेन्नईत आढळला आणि घड्याळाचे काटे पुन्हा उलटे फिरले. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. पुढे राज्याराज्यांतून स्वतंत्र संस्था निघाल्या, त्यांत कर्नाटकाचीही होती. वेगळा निधी, वेगळे समुपदेशक, वेगळी खोली आणि वेगळी पाटी. आज या वेगळेपणावर टीका करणे सोपे आहे. परंतु तो काळ ध्यानात घ्यावयास हवा. सर्वसाधारण इस्पितळांत अशा रुग्णाची खाट ओढून बाजूला ठेवली जाई, शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलली जाई, बाळंतीण दुसऱ्या गावी धाडली जाई. जेथे सर्वांसाठीचे दार एखाद्याच्या तोंडावर बंद होते, तेथे त्याच्यासाठी निराळे दार उघडणे ही दयाच असते. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, ते कुष्ठरुग्णांना समाजापासून तोडण्यासाठी नव्हे. समाजाने आधीच तोडलेल्यांना उभे राहण्यास जमीन हवी होती म्हणून. एच.आय.व्ही.च्या वेगळ्या खोलीने हेच काम केले. तेथे बसणाऱ्या समुपदेशकाला भीती नव्हती, घाई नव्हती आणि तोंड वाकडे करण्याची सवय नव्हती. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत विषाणुरोधक औषधे देण्यास प्रारंभ केला, त्या पहिल्या सहा राज्यांत कर्नाटक होते. ही औषधे या वेगळ्या दारातूनच रुग्णांच्या हाती पडली व असंख्य प्राण वाचले. हे ऋण मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

पण वेगळ्या दाराला स्वतःचे दोष असतात. पाटी लावली की दाराकडे वळणारा प्रत्येक जण ओळखला जातो. शिवाय वेगळ्या निधीचे दार ज्याच्या पैशावर उभे असते, त्याच्या मर्जीने ते बंदही होते. २०२५ सालच्या प्रारंभी अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी रोखली, तेव्हा आफ्रिकेतील अनेक देशांत अशी दवाखान्यांची दारे बंद पडली व औषधाच्या तारखेला आलेली माणसे कुलपाकडे पाहत उभी राहिली. आपल्या देशात या कार्यक्रमाचा बहुतांश भार आता आपलीच तिजोरी उचलते, म्हणून तो आघात येथे तितका बसला नाही. परंतु तिसरा दोष सर्वांत मोठा आहे आणि तो पैशाने सुटत नाही. माणसाच्या शरीराला खाती नसतात.

एक उदाहरण कल्पनेने घेऊ. कलघटगी तालुक्यातील एका खेड्यात मजुरी करणारी एक स्त्री आहे. तिला दिवस गेले आहेत, महिनाभर खोकला आहे आणि रक्ततपासणीत एच.आय.व्ही. आढळला आहे. सरकारच्या दृष्टीने ती तीन कार्यक्रमांची लाभार्थी आहे : मातृसंगोपन, क्षयनियंत्रण आणि एड्सनियंत्रण. तिच्या दृष्टीने ती एकटीच आहे. बसने ती हुबळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात येते; त्याचे नाव आता बदलले असले, तरी गावाच्या तोंडी ते अजून ‘किम्स’च आहे. एका टेबलावर गर्भाची तपासणी, दुसऱ्यावर थुंकीची, तिसऱ्यावर रक्ताची, चौथ्यावर औषधाची. टेबलांची वेळ एक नाही, वारही एक नाही. प्रत्येक टेबलावर तिला विचारतात, ‘काय झालंय?’ आणि रांगेतल्यांच्या देखत ती पुन्हा सांगते. प्रत्येक फेरीचा अर्थ एक दिवसाची बुडालेली मजुरी. तिसऱ्या फेरीनंतर ती आली नाही, तर तिच्या नावापुढे शेरा पडतो की, रुग्ण नियमित नाही.

आता वैद्यकाकडे पाहू. क्षयावरील एक मुख्य औषध रिफाम्पिसिन. ते यकृताला असे काही कामाला लावते की, अन्य कित्येक औषधे शरीरातून लवकर निघून जातात. एच.आय.व्ही.साठी पूर्वी दिले जाणारे नेव्हिरापीन त्यामुळे दुबळे पडे, म्हणून क्षय असलेल्यास एफाव्हिरेन्झ देत. आज डोल्युटेग्राव्हिर देतात. पण रिफाम्पिसिन चालू असेतो त्याची गोळी दिवसातून एकदा नव्हे, दोनदा द्यावी लागते. म्हणजे क्षयाच्या टेबलावरील माणसाला पलीकडच्या टेबलावर काय दिले हे ठाऊक नसेल, तर दोन्ही टेबले आपापले काम चोख करीत असतानाही ती स्त्री आपल्या घरी खंगत जाईल. कोणी हयगय केली नाही, कोणी लाच मागितली नाही, कोणी उद्धटपणे बोलले नाही; तरीही एक माणूस गेले. एच.आय.व्ही. असलेल्यांच्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण क्षय हेच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या उदाहरणात अतिशयोक्ती नाही हे पटेल.

येथे माझ्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. खात्यांमध्ये समन्वय नसतो, तेव्हा समन्वयाचे काम नाहीसे होत नाही. ते रुग्णाच्या डोक्यावर येते. चिठ्ठ्या वाहणे, एकाचे म्हणणे दुसऱ्याला सांगणे, तारखा जुळविणे ही कामे कोणाला तरी करावीच लागतात. पगारी माणसांनी ती केली नाहीत, तर ज्याच्या अंगात सर्वांत कमी बळ आहे, तो ती करतो. पगारी माणसांचे ओझे निर्बळाच्या खांद्यावर ठेवणे याला सोयीचा अभाव म्हणत नाहीत. त्याला अन्याय म्हणतात. म्हणून समन्वय हा नीतीचा विषय आहे.

सरकारला हे उमगले नाही असे नाही. क्षय आणि एच.आय.व्ही. या दोन कार्यक्रमांची सांगड अधिक प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत २००१ पासून घालण्यास सुरुवात झाली. २००८ साली तिला राष्ट्रीय चौकट मिळाली. ऐच्छिक चाचणी आणि गर्भवतींची चाचणी यांची निरनिराळी केंद्रे २००६ साली एकत्र येऊन एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे झाली. २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीस जन्मभराचे औषध लगेच सुरू करण्याचे धोरण आले. उपचार नसेल तर आईकडून बाळाकडे संसर्ग जाण्याची शक्यता शेकडा पंधरा ते पंचेचाळीस. वेळेवर औषध मिळाले तर ती पाचाखाली येते. २०१७ पासून तर पांढऱ्या पेशी किती उतरल्या याची वाट न पाहता, निदान होताच प्रत्येकास औषध देण्याचे ठरले. ज्या ठिकाणी प्रसूतिगृहाची परिचारिका आणि औषधकेंद्राचा समुपदेशक एकमेकांशी बोलतात, तेथे निरोगी बालक जन्मास येते. एवढ्या थेटपणे फळ देणारे सहकार्य शासकीय कारभारात फारसे आढळत नाही.

तर मग सर्व टेबले एक करावी, सर्व नोंदी एका वहीत आणाव्या, सर्वांनी सर्व जाणावे, असे म्हणून हा लेख संपवावा काय? तसे करता येत नाही. उत्तराचा दुसरा अर्धा भाग याच्या उलट दिशेला आहे.

१९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले. त्याचा अपराध कोणता? तो नियमितपणे रक्तदान करीत असे आणि दिलेल्या रक्तात विषाणू आढळला. गोव्याच्या त्या वेळच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला अलग ठेवण्याची मुभा होती. जुन्या क्षयरोग इस्पितळात त्याला सुमारे दोन महिने कोंडून ठेवण्यात आले. त्याच्या आईला मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. या घटनेकडे कारभाराच्या नजरेने पाहा. रक्ततपासणी करणारे, आरोग्यखाते आणि पोलीस या तिघांत समन्वयाची किंचितही उणीव नव्हती. माहिती वेगाने गेली, आदेश वेगाने निघाला, अंमलबजावणी वेगाने झाली. फक्त ज्याच्याविषयी हे सर्व चालले होते, त्याला कोणी काही विचारले नाही. डॉमिनिक १९९२ साली वारला. त्याआधी त्याने आपल्यासारख्यांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली.

समन्वयाचे हे दुसरे रूप मराठी माणसाला नवे नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी सैनिक घराघरांत शिरले. रोग खरा होता, उपायांची निकड खरी होती. पण माजघरापर्यंत गेलेल्या बुटांनी लोकांना रोगापेक्षा सरकारची भीती अधिक घातली आणि माणसे रोगी लपवू लागली. पुढच्याच वर्षी आपल्या हुबळीत प्लेगने थैमान घातले, तेव्हा हाफकिन यांची लस हजारो लोकांनी टोचून घेतली. जुन्या घराण्यांतून गावाबाहेर झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. लपविणाऱ्या रोग्यापर्यंत कोणतेही औषध पोहोचत नाही, हा त्या काळाचा धडा आहे; आणि रोगी लपतो, तो बहुधा रोगाला भिऊन नव्हे, माणसांना भिऊन.

चरकसंहितेत वैद्यकीच्या शिष्याला दिलेल्या उपदेशात, रोग्याच्या घरी गेल्यावर तेथील गोष्टी बाहेर सांगू नयेत, असे स्पष्ट बजावले आहे. ग्रीकांच्या वैद्यांची शपथही हेच सांगते. दोन दूरच्या संस्कृतींना एकच नियम सुचावा, यात आश्चर्य नाही. वैद्यापुढे माणूस उघडा होतो. त्या उघडेपणाचे रक्षण होईल अशी खात्री नसेल, तर तो वैद्याकडे जाणारच नाही. परंतु चरकाच्या काळी वैद्य एक होता. आज एका रुग्णामागे डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, औषध देणारा, नोंद घेणारा आणि गावातील आशा कार्यकर्ती अशी सात-आठ माणसे असतात. गुप्ततेची शपथ एकाने घ्यावयाची व गुपित आठांनी जाणावयाचे, हा आजचा पेच आहे. त्यात आपल्या जुळ्या शहरात भाषेची भर. कानडी, मराठी, उर्दू, कोकणी असे बोलणारे रुग्ण एकाच वऱ्हांड्यात बसतात. ज्याला समुपदेशकाची भाषा पुरती येत नाही, तो भाषांतरासाठी भाचा किंवा शेजारी बरोबर आणतो आणि त्याच क्षणी गुपित घरी पोहोचते. काही माणसे तर आपल्या गावचे केंद्र टाळून मुद्दाम दुसऱ्या जिल्ह्यात, प्रसंगी दुसऱ्या राज्यात जाऊन औषध आणतात. कारभाराच्या भाषेत ही अव्यवस्था. त्यांच्या दृष्टीने मात्र तो अब्रू राखण्याचा एकमेव मार्ग.

म्हणून समन्वयाच्या नीतीचा नियम मला असा दिसतो : काम एका टेबलावरून दुसऱ्याकडे जावे, गुपित जाऊ नये, आणि गुपित नेल्यावाचून काम होणार नसेल, तर ते रुग्णाला सांगून, जेवढे हवे तेवढे, उपचार करणाऱ्यापर्यंतच जावे. क्षयाच्या डॉक्टरला औषध कळले पाहिजे. रोग कोठून आला हे कळण्याचे कारण नाही. आशा कार्यकर्तीला तारीख कळली पाहिजे. ती तारीख कशाची, हे रुग्णाने ठरवावे. २०१७ साली संसदेने केलेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला एच.आय.व्ही.-एड्सविषयक कायदा साधारण याच दिशेने जातो. समजून दिलेल्या संमतीवाचून चाचणी नाही, संमतीवाचून वाच्यता नाही आणि उपचारासाठी आवश्यक असेल तर एका उपचारकाने दुसऱ्याला सांगण्यास मुभा. त्याच कायद्याने भेदभावासही मनाई केली. ते आवश्यकच होते. कारण ज्या सर्वसाधारण टेबलावर तिरस्कार बसलेला आहे, तेथे या रुग्णाला नेणे म्हणजे एकात्मता नव्हे. आधी टेबल त्याच्या योग्यतेचे करावे, मग वेगळी पाटी उतरवावी. हा क्रम उलटला, तर सोय खात्याची होते आणि हाल रुग्णाचे.

या नियमाला एक खरा कठीण अपवाद आहे, तो टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जोडीदाराचे काय? १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असे प्रकरण आले होते. इस्पितळाकडून बातमी बाहेर गेल्याने एका डॉक्टराचे ठरलेले लग्न मोडले होते. गुप्ततेचा हक्क निरपवाद नाही, ज्या स्त्रीशी तो विवाह करणार होता तिचा निरोगी राहण्याचा हक्क वरचढ आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच निकालातील विवाहाच्या हक्काविषयीची विधाने २००२ साली न्यायालयानेच अनावश्यक ठरविली. नव्या कायद्याने अधिक सूक्ष्म वाट काढली आहे. रुग्णाने स्वतः सांगावे म्हणून आधी समजवावे. तो सांगणार नाही अशी खात्री पटली आणि जोडीदाराला मोठा धोका असेल, तरच त्याला पूर्वसूचना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशकाने ते जोडीदारास सांगावे. मात्र सांगितल्याने बाधित स्त्रीला मारहाणीचे वा घराबाहेर काढले जाण्याचे भय असेल, तर सांगू नये. मला ही वाट योग्य वाटते. ज्याच्या जिवाला धोका आहे, त्याच्यापासून सत्य दडवून ठेवणे हा सद्गुण नाही. परंतु धोका एका माणसाला असताना ते सत्य साऱ्या गल्लीला सांगणे हाही सद्गुण नव्हे. नियमित औषधाने रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका उतरला, तर शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही, हे आता शास्त्राने सिद्ध केले आहे. ज्याला निर्भयपणे औषध घेता येते, तो जोडीदाराचेही रक्षण करतो. गुप्तता आणि सुरक्षा यांचे भांडण आपण समजत होतो तितके मोठे उरलेले नाही.

हे सर्व सरकारपुरते नाही. समन्वय आपल्या घरांतूनही चालतो आणि तो बहुधा दुसऱ्या जातीचा असतो. स्थळ पाहताना सांगली, कोल्हापूर, बेळगावपर्यंतची नाती कामाला लागतात व एका माणसाचे दुखणे आठवडाभरात चार गावी पोहोचते. तेच दुखणे घेऊन कोणी सोबतीला चला म्हटले, तर मात्र कोणाला सवड नसते. बातमी वाहून नेण्यात आपण तत्पर आणि ओझे वाहून नेण्यात मंद. खात्यांना नावे ठेवण्यापूर्वी एवढे पाहिले पाहिजे.

हुबळी आणि धारवाड ही दोन गावे १९६२ साली एका महापालिकेखाली आली. पाणी, दिवे, रस्ते यांचा कारभार एक झाला, तरी कोणी कोणाचे नाव पुसले नाही, कोणी कोणाच्या घरात डोकावण्याचा अधिकार मागितला नाही. आरोग्यखात्यांच्या एकीकरणाकडून याहून निराळी अपेक्षा नाही. जिल्ह्याच्या प्रत्येक समन्वय-बैठकीच्या इतिवृत्तात किती चाचण्या झाल्या, किती गोळ्या वाटल्या हे आकडे असतात, ते असावेतच. त्यांच्या जोडीला आणखी दोन आकडे लिहिले जावेत, अशी माझी सूचना आहे. औषध हाती पडेपर्यंत रुग्णाला किती टेबलांपुढे उभे राहावे लागले, आणि तोवर त्याचे गुपित किती कानांपर्यंत गेले. पुढील बैठकीपर्यंत दोन्ही आकडे उतरले असतील, तर समन्वय झाला असे समजावे. पहिला उतरला व दुसरा चढला असेल, तर फक्त कारभार सोपा झाला. आणि त्याची किंमत त्या बैठकीला न बोलावलेल्या माणसाने मोजली.